नोंद पाहा, मग नोट द्या
बार्शीच्या बाजारात पोत्यातले मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहिल्याशिवाय व्यापारी तुरीचा भाव बोलत नाही. पैसा गुंतवताना मात्र ही पारख आपण घरी ठेवून निघतो. जानेवारी २०२२ मध्ये शेअर बाजारातून भरघोस परताव्याच्या आमिषाने फसवणूक झाल्याच्या तक्रारी घेऊन याच गावातले लोक पोलीस ठाण्याची पायरी चढले. रकमा कोटींत होत्या. खरं तर ही मूठ पाहायला पाच मिनिटं पुरतात. ‘सेबी’च्या संकेतस्थळावर नोंदणीकृत दलाल आणि सल्लागारांची यादी आहे, गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतो. ठेवी गोळा करायची परवानगी कोणाला आहे, हे रिझर्व्ह बँकेच्या २०१६ पासूनच्या ‘सचेत’ पोर्टलवर कळतं, तिथं तक्रारही करता येते. कंपनी म्हणून नोंदणी झाल्याचं चौकटीतलं प्रमाणपत्र म्हणजे ठेवी घेण्याचा परवाना नव्हे. आणि सेबीची नोंदणी असली तरी ती नफ्याची हमी नसते. खात्रीच्या परताव्याचं आश्वासन हीच धोक्याची पहिली खूण. ओळखीचा माणूस, सत्काराचे फोटो, आधी कुणाला तरी मिळालेले पैसे यांतलं काहीच पुरावा नाही. तेव्हा सही करण्याआधी नोंदणी क्रमांक मागा आणि तो स्वतः तपासा.