दीड फेरा

गेल्या दिवाळीत आमच्या घरी फराळापेक्षा गाडीची चर्चा अधिक झाली. गाडी म्हणजे १९८४ सालची पद्मिनी. मूळची ही फियाट. कुर्ल्याच्या कारखान्यात १९७४ साली तिचे बारसे नव्याने झाले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतील पद्मिनी टॅक्सीसुद्धा निवृत्त झाली. आमची मात्र अजून नोकरीत आहे!

पण त्या दिवाळीत ती प्रत्येक सिग्नलला बंद पडू लागली. “विकून टाका आता,” सौ. म्हणाल्या. नाना, म्हणजे माझे वडील, काहीच बोलले नाहीत. गाडी त्यांनी घेतलेली. वय ७८, ऐकू जवळजवळ येत नाही.

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. माझ्या बुद्धीने एक उपाय काढला: चोकची घुंडी थोडी ओढूनच ठेवली. गाडी बंद पडेना. पण मागून काळा धूर आणि पेट्रोलचा वास! नानांनी धूर पाहिला आणि म्हणाले, “अरे, चोक म्हणजे पहाटेची शाल. ऊन चढल्यावर कोणी पांघरून बसतं का?”

गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. म्हणून चोक हवेची वाट अडवतो आणि मिश्रणात पेट्रोल वाढवतो. इंजिन तापले की घुंडी पूर्ण आत गेलीच पाहिजे. नाहीतर प्लगवर काजळी धरते आणि सिलिंडरमधले तेल धुऊन निघते. खरा दोष चोकचा नव्हताच. आयडलिंग बिघडले होते.

नानांनी गाडी अंगणात घ्यायला लावली. बंद जागेत हा धूर जीवघेणा. इंजिन तापवून बंद केले. कार्बुरेटरवर दोन स्क्रू : एक वेगाचा, एक मिश्रणाचा. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत, मग दीड फेरा मागे. आवळला तर त्याचे टोक बिघडते. मग इंजिन सुरू करून तो थोडाथोडा फिरवायचा, सर्वांत सुरळीत चालेल तिथे थांबायचे. वेग वाढला तर दुसऱ्या स्क्रूने उतरवायचा.

मला आवाजातला फरक कळेना, नानांना आवाजच ऐकू येईना! शेवटी त्यांनी मडगार्डवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

“अजून थोडा... मागे घे... बास!”

इंजिन जात्यासारखे एका लयीत फिरू लागले. विक्रीचा विषय सौ.नी पुन्हा काढला नाही.

यंदा दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालण्याआधी नानांनी स्क्रू-ड्रायव्हर स्वतः घेतला आणि माझा हात मडगार्डवर ठेवला. “बास?” त्यांनी विचारले.

“नाही नाना, अजून थोडा,” मी म्हणालो.

नाना हसले, आणि त्यांनी स्क्रू थोडा फिरवला.