गाडी जहाजावर चढण्याआधी

गेल्या पावसाळ्यात न्हावा शेव्याच्या एका सीएफएसमध्ये कंटेनर उघडला तेव्हा मी तिथे हजर होतो. आत एक पांढरी एसयूव्ही. चाकांना लाकडी ठोकळे, पट्ट्यांनी घट्ट आवळलेली. डॅशबोर्डवर चिकटवलेला अंगठ्याएवढा गणपती, मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची. मालक दापोलीकडचे, मस्कतला चौदा वर्षे नोकरी करून कायमचे परतलेले. पट्ट्या सोडल्यावर त्यांनी दार उघडून आत हात घातला आणि मायेने स्टिअरिंगवरची धूळ पुसली. स्टिअरिंग डाव्या हाताला होते. गाडीचा निकाल तिथेच लागलेला होता, पण हे त्यांना तोपर्यंत कोणीही सांगितले नव्हते. पॅकर्सनी नाही, तिकडच्या फॉरवर्डरने नाही आणि इथे फाईल घेणाऱ्या आपल्याच एका कस्टम्स ब्रोकर बंधूनेही नाही.

या अंकाचे संपादकीय त्या माणसासाठी लिहितो आहे.

मस्कत, दुबई, दोहा, कुवेत, बहारीन या सगळ्या ठिकाणी वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. आपल्या आयात धोरणात वापरलेल्या गाडीला उजव्या हाताच्या स्टिअरिंगची अट आहे. म्हणजे रत्नागिरी-रायगडातून आखातात गेलेल्या हजारो कुटुंबांची तिथली गाडी कायमची घरी आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हे एक वाक्य फोनवर सांगायला अर्धे मिनिट लागते. ते न सांगितल्यामुळे त्या गृहस्थांना भाडे, डिटेन्शन, ग्राउंड रेंट, दंड आणि परतीचे भाडे असा पाच ठिकाणी खिसा रिकामा करावा लागला.

दुसरा गैरसमज याहून खोल रुजलेला आहे. ‘टीआरमध्ये (ट्रान्स्फर ऑफ रेसिडेन्स) घरचे सामान माफ असते, मग गाडीही त्यातच आली’, असे परतणारा प्रत्येक जण धरून चालतो. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम २(३) मधली बॅगेजची व्याख्या आपल्याला पाठ आहे: मागाहून येणारे सामान त्यात धरले आहे आणि मोटार वाहन स्पष्ट शब्दांत वगळले आहे. फ्रिज, टीव्ही, पलंग एका वाटेने जातील. गाडीसाठी स्वतंत्र बिल ऑफ एंट्री भरावे लागेल आणि पूर्ण ड्युटी लागेल. पार्टीला हे तोंडी सांगून भागत नाही, कारण ऐकणारा घर आवरण्याच्या गडबडीत असतो. लिहून पाठवा, मराठीत पाठवा.

लंडन, सिंगापूर किंवा सिडनीहून येणाऱ्याचे स्टिअरिंग उजवीकडे असते, म्हणून तो निर्धास्त असतो. त्याच्यापुढच्या अडचणी वेगळ्या. गाडी उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि पार्टी आपल्याला सांगते ती बहुतेक वेळा नोंदणीची तारीख असते. शोरूममध्ये आठ महिने उभ्या राहिलेल्या गाडीचे ते आठ महिनेही वयात धरले जातात. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा. ब्रिटनच्या गाडीत तो मैलांत असतो. हेडलाइटचा झोत डाव्या बाजूच्या वाहतुकीला साजेसा हवा. गाडी किमान पाच वर्षे रस्त्यावर चालण्याजोगी असल्याचा दाखला जहाजावर चढवण्याआधीच घ्यायचा, आणि इथे उतरल्यावर पुण्याची एआरएआय किंवा नगरची व्हीआरडीई यांच्यासारख्या संस्थेची तपासणी आहेच. शिवाय धोरणाने जुन्या गाडीसाठी मुंबईचे कस्टम्स बंदर एवढा एकच दरवाजा ठेवला आहे. फॉरवर्डर मात्र सवयीने न्हावा शेव्याचे बुकिंग करून मोकळा होतो. मस्कतच्या त्या गाडीचे तेही झाले होते.

आता पैशांचे बोलू, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो. वापरलेली गाडी घेतलेल्याला वाटते, आपण दिले तेच तिचे मूल्य. असेसमेंटला बसलेला अधिकारी मात्र गाडी नवी असतानाच्या उत्पादकाच्या दरापासून सुरुवात करतो आणि त्यातून घसारा वजा करतो: पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच. समजा, नवी असताना २० लाखांची गाडी अडीच वर्षांनी येते आहे. घसारा ३३ टक्के, उरले १३ लाख ४० हजार. भाडे आणि विमा धरून १५ लाख झाले असे माना. २०२५ च्या अर्थसंकल्पापासून वापरलेल्या गाडीवर ७० टक्के मूळ सीमाशुल्क आणि ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर आहे, बेरीज १३७.५ टक्के, म्हणजे २० लाख ६२ हजार ५००. या सगळ्यावर जीएसटी. मोठ्या गाड्यांना तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला, म्हणजे आणखी १४ लाख २५ हजार. पंधरा लाखांच्या गाडीवर सरकारात भरायचे ३४ लाख ८७ हजार ५००. हा हिशोब कागदावर मांडून समोर ठेवला, तर दहातले नऊ जण गाडी तिकडेच विकतील आणि आपले आभार मानतील. जो दहावा उरेल, त्याचे काम मन लावून करावे.

माफीच्या आशेवर बसलेल्यांना सचिन तेंडुलकरच्या फेरारीची आठवण करून द्यावी. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये त्याला ती गाडी भेट मिळाली. सरकारने सुमारे १.१३ कोटींची ड्युटी माफ केली, गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि शेवटी ड्युटी भेट देणाऱ्या कंपनीने भरली. गाडी आणायची परवानगी आणि ड्युटीची माफी या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

ज्याला गाडी काही महिनेच फिरवायची आहे, त्याला कार्ने पुस्तिकेचा रस्ता आहे. सहा महिन्यांत गाडी परत जाणार असेल तर ड्युटी लागत नाही. स्टिअरिंग डावीकडे असले तरी पर्यटकाची गाडी येऊ शकते. पण त्या पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात, आणि परत जातानाचा शिक्का राहून गेला की हमी देणाऱ्या संघटनेकडे पूर्ण ड्युटीची मागणी जाते. कार्नेवर आलेली गाडी ‘इथेच ठेवून देऊ, बघू पुढे’ असे जो म्हणेल, त्याची फाईल हातात घेऊ नका.

तेच भूतानच्या गाड्यांचे. सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या कस्टम्सने ‘नुमखोर’ मोहीम काढली; भूतानच्या जोंगखा भाषेत नुमखोर म्हणजे वाहन. भूतानमधल्या जुन्या गाड्या जमिनीच्या सीमेवरून आणून, बनावट कागदांवर इथे नोंदवून विकल्याचा तो मामला होता. अशा गाडीचा खरेदीदार उद्या तुमच्या दारात येऊन म्हणेल, ‘जी काय असेल ती ड्युटी भरतो, नियमित करून द्या.’ त्याची कळकळ खरी असेल. पण ज्या सीमेवरून वापरलेली गाडी येऊच शकत नाही, तिथून आलेल्या गाडीचे बिल ऑफ एंट्री आपण भरायचे नसते. त्याला वकिलाकडे पाठवा.

कस्टम्स ब्रोकर परवाना नियम २०१८ मधल्या दहाव्या नियमाने पार्टीला कायद्याप्रमाणे वागण्याचा सल्ला देणे आणि आपण देतो ती माहिती बरोबर असल्याची खातरजमा करणे, ही दोन्ही कर्तव्ये आपल्यावर टाकली आहेत. सल्ला कधी द्यायचा, याची वेळ मात्र बहुतेकांनी आपल्या सोयीने ठरवली आहे: डीओ सुटल्यावर. तोपर्यंत सीमाशुल्क कायद्याच्या कलम ४८ चे तीस दिवस डोक्यावर आलेले असतात आणि पार्टी म्हणेल त्या खर्चाला मान तुकवते. यातून कमावलेली फी मला कमाई वाटत नाही. हे काहींना लागेल, पण लिहिणे भाग आहे.

मस्कतची ती गाडी चार महिन्यांनी, दंड भरून, आली त्याच बंदरातून परत गेली. जाण्याआधी मालकांनी डॅशबोर्डवरचा गणपती तेवढा सोडवून घेतला.

वाचकांना एकच विनंती. परदेशातून पुढचा फोन येईल तेव्हा फीचे बोलणे नंतर करा. आधी विचारा: स्टिअरिंग कोणत्या बाजूला, उत्पादनाचा महिना कोणता आणि बुकिंग कोणत्या बंदराचे?