बर्फाची डायरी सगळं सांगत नाही!

समजा, तुम्ही आमच्या बेंगळुरूत राहता आणि फक्त पाऊस पडेल त्याच दिवशी डायरी लिहिता. पन्नास वर्षांनी नातवाने ती वाचली तर त्याला वाटेल, आजीने कधी ऊन पाहिलंच नाही! अंटार्क्टिकाच्या बर्फाचंही असंच आहे.

इथून रात्रीची बस पकडलीत तर सकाळी गोवा. तिथे वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. बाहेर घामाच्या धारा आणि आत उणे 20 अंशांत जपलेले बर्फाचे लांब दंडगोल! अंटार्क्टिकात ड्रिल करून काढलेल्या या दंडगोलांना ‘आइस कोअर’ म्हणतात. नवा बर्फ जुन्यावर साठत जातो, म्हणून जितकं खोल जाल तितका जुना काळ.

त्यातून तापमान कसं कळतं? पाण्यात थोडासा ‘जड’ ऑक्सिजन असतो. ढग थंडीकडे सरकतात तसं जड पाणी वाटेतच आधी पडून जातं. त्यामुळे थंडी जास्त, तर बर्फात जड ऑक्सिजन कमी.

गोम इथेच आहे. नोंद होते ती फक्त बर्फ पडला त्या दिवसांची. वाऱ्याने तो उडवून नेला तर पानच गायब!

शिवाय ढग कुठून आला, हेही महत्त्वाचं. अंटार्क्टिकाभोवती पश्चिमेचे वारे सतत फिरत असतात. त्यांचा वेढा कधी आवळतो, कधी सैल होतो. याला ‘सदर्न ॲन्युलर मोड’ म्हणतात. वेढा आवळला की पूर्व अंटार्क्टिकात थंडी कोंडून राहते. आपल्या शास्त्रज्ञांनी तिथल्या एका कोअरमधून 1905 ते 2005 हा काळ वाचला, तेव्हा त्यात या वाऱ्यांची आणि एल निनोचीही छाप दिसली. हो, आपल्या मान्सूनला सतावणारा तोच एल निनो!

म्हणून फॅमिली ग्रुपवर ‘अंटार्क्टिकात थंडी वाढली, तापमानवाढ खोटी’ असा फॉरवर्ड आला, तर काकांना आधी वाऱ्यांबद्दल विचारा.

मार्च 2022 मध्ये तर कमालच झाली. उत्तरेकडून दमट हवेचा लोंढा थेट कॉनकॉर्डिया तळापर्यंत घुसला आणि तापमान नेहमीपेक्षा जवळपास 40 अंशांनी चढलं. याच परिसरातल्या कोअरमध्ये 8 लाख वर्षांची नोंद सापडली आहे. जिथे वर्षभरात जेमतेम काही सेंटीमीटर बर्फ साठतो, तिथे असा एखादा पाहुणा अख्ख्या वर्षाचं पान रंगवून जाऊ शकतो.

त्यामुळे शास्त्रज्ञ एकाच कोअरवर विसंबत नाहीत. वेगवेगळ्या जागचे कोअर शेजारी ठेवून ताडून पाहतात. तारखा जुळवायला ज्वालामुखी मदत करतात. 1815 च्या तांबोरा उद्रेकाची खूण अंटार्क्टिकातल्या अनेक कोअरमध्ये सापडते.