अर्घ्य दिले, नमस्कार राहिला

आज रथसप्तमी. अर्नाळ्याचा समुद्र पश्चिमेला; म्हणून आमचा सूर्यनारायण सागरातून उगवत नाही, विरारच्या डोंगरामागून वर येतो. अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवावर दुधाचे बोळके उतू जाते, रांगोळीतला रथ सज्ज असतो, आणि घरातील वडीलधारी मंडळी अर्घ्य देऊन पाटावर बसतात ती बसतातच. नमस्कार नातवंडांनी घालायचे! ‘बुवा, आता या वयात कसला व्यायाम?’ असे कीर्तनानंतर मला अनेकांनी विचारले आहे. साठी उलटेपर्यंत मीही तेच म्हणत होतो, आणि वर त्याला शास्त्राधार देत होतो.

तो आधार वाग्भटाचा. व्यायाम कोणी वर्ज्य करावा, हे सांगताना ‘अष्टांगहृदया’त बालकाबरोबर वृद्धाचाही उल्लेख आहे. आळशी पंडिताला आणखी काय हवे? वाग्भटाचा रोख केवळ अतिरेकावर होता, अशी सारवासारव मी करणार नाही. त्याने वृद्धाला नको असेच म्हटले आहे, आणि या एका बाबतीत त्याचे म्हणणे आज मान्य करता येत नाही. प्रत्यक्षाला प्रमाण मानणाऱ्या आयुर्वेदाला याचे वावडे नसावे.

ते प्रत्यक्ष असे : १९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथे वृद्धाश्रमातील ८६ ते ९६ वर्षांच्या दहा दुर्बल व्यक्तींना देखरेखीखाली आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला गेला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या मांड्यांचे बळ सरासरीने अडीच पटींहून अधिक झाले. नव्वदीतही स्नायू हाकेला ओ देतात, हे त्यावरून कळले. मात्र व्यायाम थांबताच चार आठवड्यांत त्यातील जवळजवळ एक-तृतीयांश बळ ओसरले. वर्षातून एकदा रथसप्तमीला बारा नमस्कार घालणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे. पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व बळ राखणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. कारण या वयात पडणे म्हणजे प्रसंगी अंथरूण धरणे.

सूर्यनमस्काराचे प्रसारक, औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१), हेदेखील चाळिशीच्या सुमारास त्याकडे वळले. मी तर बासष्टाव्या वर्षी! हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, मीही विचारले. पहिले तीन महिने ओसरीचा खांब धरून नुसती उठबस केली. गुडघे कुरकुरले, सौभाग्यवती हसल्या. पुढे एक नमस्कार जमला, मग दोन. साष्टांग घालून कोणाचा हात न धरता उठता आले, त्या सकाळचा आनंद मला कोणत्याही बिदागीने दिलेला नाही.

किती घालावेत, हे मात्र मी अजूनही प्राचीनांनाच विचारतो. बलवानानेही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, असे वाग्भट सांगतो. आणि श्वास तोंडाशी आला की अर्धी शक्ती संपली, ही खूण सुश्रुताची. सध्या माझे सात होतात. आठव्याला श्वास तोंडाशी येतो. तेथे मी थांबतो.