थर्माकोलचा प्रकल्प आणि मचूळ विहीर

दहावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांत सत्कारांचा हंगाम सुरू होतो. शाल, ट्रॉफी, बिर्याणीची पाकिटं आणि स्टेजवर एखादा इंजिनीअर. गेल्या वर्षी तो इंजिनीअर मी होतो. ९३ टक्के मिळवलेल्या एका मुलाला ट्रॉफी दिली आणि नंतर जेवताना सहज विचारलं, "राजोडीला आमच्या आळीतली विहीर एप्रिल उजाडला की मचूळ का होते रे?" मुलगा हुशार. घनतेची व्याख्या त्याने धडाधड म्हणून दाखवली. भरती-ओहोटी कशी येते तेही सांगितलं. मग थांबला आणि म्हणाला, "पण अंकल, हा प्रश्न कुठल्या विषयाचा?"

त्याला दोष देऊ नका. माझीही शाळा वेगळी नव्हती. घनता विज्ञानाच्या सरांनी शिकवली, भरती-ओहोटी भूगोलाच्या बाईंनी, दशांश अपूर्णांकांचा भागाकार गणिताच्या सरांनी. तिघंही एकाच स्टाफरूममध्ये चहा प्यायची. विहीर शाळेच्या मागेच होती. तिच्यात कोणी वाकून पाहिलं नाही.

आता तो हिशोब पाहा. गोड्या पाण्याची घनता १ धरा, समुद्राच्या पाण्याची १.०२५. किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. १ ला ०.०२५ ने भागा, उत्तर ४०. म्हणजे समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत ते तग धरून असतं. उपसा करून वरची पातळी अर्धा मीटर उतरली, की खालचं खारं पाणी कालांतराने २० मीटर वर चढू शकतं. याला घायबेन-हर्झबर्ग संबंध म्हणतात. नाव कॉलेजातलं आहे, भागाकार सातवीचा आहे.

मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: उपसा कोण करतंय? इथे विज्ञानाचा तास संपतो आणि नागरिकशास्त्राचा सुरू होतो. वसईत १९८० च्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, त्यात विहिरींचं पाणी टँकरने उपसून विकण्याचा मुद्दा होता. त्या मोर्च्यांना गेलेले आजी-आजोबा आजही गावागावांत आहेत, मुलांनी जाऊन त्यांना विचारावं. एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी झालं? दहा लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. ते पाणी गेलं कुठे? जुलै २०१८ मध्ये नालासोपारा आणि वसई पाण्यात होती, गाड्या बंद होत्या, मिठागरांत माणसं अडकली होती. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर नाल्याचं पाणी खाडीत जाईल का? सहावीतलं पोर हे वेळापत्रक मांडू शकतं. आणि इतिहास म्हणाल तर हाच सोपारा, ज्याच्या बंदराची नोंद मसूदीसारख्या अरब लेखकांनी हजार वर्षांपूर्वी केली. बंदर होतं म्हणजे जहाजं आत येण्याइतकं पाणी होतं. ते पाणी कुठे गेलं, खाडी का गाळाने भरली? पुन्हा भूगोल.

एका विहिरीत पाच विषय निघाले, आणि मी काही मुद्दाम खोदत बसलो नव्हतो.

याला आज प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग म्हणतात, आणि हे नाव ऐकलं की आपल्याकडे लोक आधी फी विचारतात. समजूत अशी की हे वातानुकूलित शाळांचं खूळ आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरांना असं शिकवायला सुरुवात केली हे खरं. पण विषय एकमेकांना जोडून शिकवण्याची योजना त्याच्या तीस वर्षं आधी आपल्याच राज्यात, वर्ध्याला मांडली गेली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली, अभ्यासक्रम आखायला समिती नेमली गेली, आणि तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, वय वर्षं ४०. सदस्यांत विनोबा होते, काका कालेलकर, कुमारप्पा, ख्वाजा गुलाम सय्यदैन होते. सूत्र साधं होतं: हस्तउद्योग, निसर्ग आणि समाज यांच्याभोवती सगळे विषय गुंफा, आणि शिकवा मातृभाषेत. मुस्लिम लीगने त्या योजनेला विरोध केला, धर्मशिक्षणाला त्यात जागा नाही हा एक आक्षेप होता. त्या भांडणात आपण ती तालीम इतकी विसरलो, की झाकिर हुसेन आपल्याला फक्त राष्ट्रपती म्हणून आठवतात, तेही जनरल नॉलेजच्या पुस्तकात.

नई तालीमवर एक शंका रास्त होती आणि आजही आहे: गरिबाच्या पोरांना टकळी आणि श्रीमंताच्या पोरांना इंग्रजी, असा तर डाव नाही ना? समितीने स्वतःच बजावलं होतं की कमाईवर भर देण्याच्या नादात शिक्षणाचा हेतू मरू शकतो. म्हणून मी हस्तउद्योग मागत नाही. विहिरीचं पाणी मोजून शाळेला एक रुपयाही मिळणार नाही, आणि तेच बरं आहे.

सरकारी कागदावर हे सगळं आधीच आहे. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात प्रकल्प आहे, उपक्रम आहे. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. रात्री नऊला मूल सांगतं, उद्या प्रकल्प द्यायचाय. अब्बा स्टेशनरीच्या दुकानात धावतात, चित्रांचा छापील तक्ता आणतात, अम्मी थर्माकोल कापते, बाजी सुंदर अक्षरात 'प्रस्तावना' लिहिते. मूल झोपलेलं असतं. २०२३-२४ पासून बालभारतीने अनेक विषय एका पुस्तकात बांधून चार भाग काढले, मध्ये वहीची कोरी पानं घातली, आणि २०२५ च्या सुरुवातीला तो निर्णय मागे घेतला. दप्तर हलकं करायला असेल, पण विषय एका बाइंडिंगमध्ये आले म्हणून एकमेकांशी बोलायला लागत नाहीत. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना द्या म्हणतं. वर्षातून दहा दिवस!

आता खऱ्या अडचणी. शिक्षक म्हणतात, जागा रिकाम्या, वरून निवडणुकीची कामं, शिष्यवृत्ती परीक्षा, कधी करू? यात खोटं काही नाही. दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे, आणि तो मला जास्त पटतो. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी मांडलं की पाया कच्चा असलेल्या मुलांना प्रश्न देऊन मोकळं सोडलं तर ती फारसं शिकत नाहीत. बरोबर आहे. ज्याला भागाकार येत नाही त्याला विहिरीतून ४० सापडणार नाही. पाढे पाठ हवेत, व्याख्याही हव्यात. माझी मागणी तास बंद करण्याची नाहीच. आठवड्यातला एक शनिवार, एका सत्रात एकच प्रश्न, आणि गणित-विज्ञान-भूगोलाचे तिन्ही शिक्षक एकाच वर्गात. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कालबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्यातल्या साध्या शाळांत आठवी ते दहावीला आठवड्याला एक दिवस या हिशोबानेच चालत आला आहे. म्हणजे अशक्य नाही.

अशक्य वाटतं ते आपल्या संस्थांच्या कारभाऱ्यांना. मी एका ट्रस्टच्या बैठकीत हे मांडलं. उत्तर मिळालं, "बेटा, आमच्या मुलांना आधी मार्क मिळू देत, अक्कल नंतर येईल." मी आयटीत बारा वर्षं काढली. कंपनीत बग येतो तेव्हा त्याच्यावर 'गणित' किंवा 'इंग्रजी' असं लेबल नसतं. नव्वद टक्केवाली आपली किती पोरं पहिल्याच मुलाखतीत न पाहिलेला प्रश्न समोर आला की गप्प होतात, ते मी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलंय. ती ढ नसतात. फक्त कोणी त्यांना व्याख्येच्या पलीकडे नेलेलं नसतं. आणि ती दरी दहावीनंतरच्या करिअर मार्गदर्शन शिबिराने भरत नाही, मग स्लाइड्स कितीही रंगीत असोत. मीही अशी चार शिबिरं घेतली आहेत.

तेव्हा दोस्तहो, तुम्ही नोकरीला लागलेले, शनिवार मोकळा असलेले, पुढच्या जूनमध्ये सत्काराची वर्गणी मागायला कोणी आलं तर त्याला सांगा की ट्रॉफ्या निम्म्या करा आणि उरलेल्या पैशात टीडीएस मीटर, पर्जन्यमापक आणि मोजपट्ट्या घ्या. टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. मग मुख्याध्यापकांकडे जा, पण त्यांना शिकवायला नका जाऊ, शिक्षकांच्या हाताखाली काम करायला जा. प्रश्न तुमच्या मोहल्ल्यातलाच घ्या. भिवंडीत यंत्रमागाचं वीजबिल असेल, मालेगावात अजून काही.

त्या ९३ टक्क्यांच्या मुलाला मी माझा मीटर दिलाय. दर रविवारी तो तीन विहिरींचं पाणी मोजतो आणि सातवीतली त्याची बहीण आकडे लिहून घेते. तिचा पहिला आलेख तयार आहे. शाळेत तो कुठल्या विषयाच्या वहीत चिकटवायचा, हे अजून ठरलेलं नाही.