सुरई एकच, पेले निराळे



मे महिना म्हणजे आपल्याकडे लग्नांचा, बाप्तिस्म्यांचा आणि सुटीवर आलेल्या पाहुण्यांचा महिना. याच दिवसांत परसातील भिरंडे पिकून लाल होतात आणि काजूच्या भट्ट्यांचा हंगामही संपत आलेला असतो. त्यामुळे फळांच्या रसात थोडी फेणी किंवा हुर्राक मिसळून पाहुण्यांना देण्याची रीत अलीकडे खेड्यांतील घरांतही आली आहे. शहरात या पेयाला कॉकटेल म्हणतात. त्याची कृती द्यावी, असे काही भगिनींनी सुचविले आहे. ती मी आज देत आहे. परंतु तिच्याआधी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही.

काही वर्षांमागे आमच्या घरी बाप्तिस्म्याचे जेवण होते. माणसे पुष्कळ, हात थोडे. प्रत्येकाच्या पेल्यात निराळे मोजून घालण्यास वेळ कोठला, असे म्हणून मी कोकमाच्या सरबताच्या मोठ्या सुरईतच फेणी ओतली आणि ढवळून ठेवली. मुलांसाठी दुसरे भांडे होते, म्हणून मी निश्चिंत होते. शेजारचे एक गृहस्थ आले. त्यांनी चार वर्षांपूर्वी मोठ्या कष्टाने दारू सोडली होती. लाल सरबत दिसले, म्हणून त्यांनी आपण होऊन पेला उचलला. एक घोट घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. पेला खिडकीत ठेवून, कोणास काही न बोलता ते न जेवता निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांची पत्नी आली. तिने मला दोष दिला नाही. ते रात्रभर अंगणात बसून होते, एवढेच तिने सांगितले. ते वाक्य मी अद्याप विसरलेली नाही.

यास्तव माझ्या कृतीचा पहिला नियम असा : सुरईत केवळ फळाचा रस असावा. मद्य घालायचे झाल्यास ते ज्याने मागितले असेल त्याच्याच पेल्यात, त्याच्या देखत घालावे.

आता मूळ सरबत. गोव्यात ज्यास भिरंड म्हणतात आणि कोकणात रातांबा, ते पिकलेले फळ १ किलो घ्यावे. धुऊन, फडक्याने अगदी कोरडे पुसून दोन भाग करावेत. गर व बिया निराळ्या काढाव्यात. बिया टाकू नयेत, त्या वाळवून त्यांचे तेल काढतात, तेच आपले भिरंडेल, भेगाळलेल्या टाचांना लावण्याचे. उरलेल्या साली तोलाव्यात. सालींच्या दुप्पट साखर घ्यावी, म्हणजे साली ५०० ग्रॅम भरल्यास साखर १ किलो. काचेच्या किंवा चिनी मातीच्या कोरड्या बरणीत सालींचा एक थर व साखरेचा एक थर असे भरीत जावे आणि सर्वांत वर साखर ठेवावी. तोंडाला पातळ कापड बांधून बरणी ७ ते ८ दिवस उन्हात ठेवावी. रोज एकदा कोरड्या चमच्याने हलवावे. साखर विरघळून दाट लाल पाक सुटला, की गाळून स्वच्छ बाटल्यांत भरावा. तांब्यापितळेचे भांडे मात्र या कामी वापरू नये. कोकम अतिशय आंबट असल्याने तो आंबटपणा धातूस लागतो आणि रस पोटास अपायकारक होतो.

इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबादकडील भगिनींना ताजे फळ मिळणे कठीण. त्यांनी बाजारातील १०० ग्रॅम आमसुले अर्धा लिटर पाण्यात ४ तास भिजवून, कुस्करून गाळावीत आणि त्या पाण्यात ४०० ग्रॅम साखर घालून एक उकळी आणावी. आमसुलांना पुष्कळदा मीठ लावलेले असते. म्हणून चव पाहूनच पुढे मीठ घालावे. हा पाक शीतपेटीत ठेवून थोड्या दिवसांत संपवावा.

दहा पेल्यांच्या सुरईस ४०० मिलिलिटर पाक आणि १६०० मिलिलिटर थंड पाणी लागते. त्यात एक लहान चमचा मीठ व अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. एक हिरवी मिरची उभी चिरून १० मिनिटे सोडावी व मग काढून टाकावी. मिरचीचा सौम्य झणका जिभेवर राहतो आणि नुसत्या गोडीचा कंटाळा येत नाही. बर्फ पेल्यात घालावा, सुरईत घातल्यास शेवटचे पेले पाणचट होतात.

हा झाला पहिला पेला, आणि तो स्वतःच पूर्ण आहे. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे. तेव्हा बडोद्याच्या भगिनींनी येथेच थांबावे, त्यांच्या पाहुणचारात काही उणे राहणार नाही.

दुसरा पेला ज्यांस हवा, त्यांच्यासाठी मोजमाप सांगते. काजूचा आंबलेला रस एकदा गाळला, की हुर्राक होतो; त्यात मद्यार्क सुमारे १५ टक्के असतो. त्यापुढील फेणीत तो ४० टक्क्यांच्या वर जातो. गोव्याच्या काजू फेणीस २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. पण अभिमानाने तिचा जोर कमी होत नाही. १५० मिलिलिटर सरबतात फेणी ३० मिलिलिटर अथवा हुर्राक ६० मिलिलिटर, याहून अधिक घालू नये. माप औषधाच्या पेलीने घ्यावे. डोळ्यांच्या अंदाजाने ओतणारा हात नेहमी उदार असतो. बाटली परवान्याच्या दुकानातील व मोहोरबंद असावी. चोरट्या दारूत विषारी मद्यार्क असू शकतो. त्याने दृष्टी जाते आणि प्राणही जातात.

फळाच्या गोडीमागे मद्याचा वास व तिखटपणा लपतो, हाच या पेयाचा गुण आणि हाच त्याचा धोका. पिणाऱ्यास किती झाले ते कळत नाही, आणि न पिणाऱ्यास आत काय आहे ते कळत नाही. गरोदर स्त्री, लहान मूल, यकृताचा रोगी आणि गाडी हाकून घरी जाणारा यांना तो पेला देऊच नये. दारू सोडण्यासाठी काहींना डॉक्टर असे औषध देतात, की त्यावर थोडेसे मद्य पोटात गेले तरी छाती धडधडते, ओकाऱ्या होतात व जीव घाबरा होतो. असा मनुष्य आपल्या पंक्तीस बसला आहे, हे आपणांस ठाऊक असेलच असे नाही. म्हणून कोणास आग्रह करू नये, आणि नको म्हणणाऱ्यास कारण विचारू नये.

आणखी एक गोष्ट. न पिणाऱ्यासाठी कोपऱ्यात निराळे फिके भांडे ठेवू नये. सर्वांचे पेले सारखे असावेत, सरबतही तेच असावे. ज्या सुरईतून मुलांना ओताल, तिच्यातूनच मोठ्यांनाही ओतावे. असे केल्यास त्या सुरईविषयी कोणाच्याही मनात शंका राहत नाही.

गेल्या मे महिन्यात ते शेजारी पुन्हा आमच्याकडे जेवायला आले. माझी धाकटी मुलगी सुरई घेऊन सर्वांना वाढीत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि पेला पुढे केला. जेवण होईपर्यंत त्यांचे तीन पेले झाले होते. जाताना त्यांनी मला पाकाची कृती विचारली. तीच मी वर लिहिली आहे.