जे दिसलं ते लिही



मागच्या रविवारी जेवताना नातवाच्या पांढऱ्या टी-शर्टवर वरण सांडलं. सूनबाईंनी लगेच साबण लावला, तर पिवळा डाग लालभडक! सातवीतला आमचा हुशार नातू घाबरून म्हणाला, "आबा, हे काय झालं?" गंमत म्हणजे, हळद कशात लाल होते या प्रश्नाला त्याला परीक्षेत पूर्ण मार्क आहेत. प्रयोग त्यानं वर्गातल्या स्क्रीनवर पाहिला होता. हातानं कधीच केला नव्हता.

मी कॉमर्सचा माणूस, जन्म बँकेत गेला. सायन्सशी संबंध काय तो शाळेपुरता. पण आमच्या इंदूरच्या मराठी शाळेत १९६३ च्या सुमारास केलेला हाच प्रयोग मला अजून आठवतो.

लॅब वगैरे काही नव्हती. कुणी घरून हळद आणली, कुणी लिंबू, कुणी धुण्याचा सोडा. चुना पानवाल्याकडचा. हळदीच्या पाण्यात टीपकागद बुडवून वाळवले, पट्ट्या कापल्या आणि वर थेंब टाकत गेलो. चुन्याच्या निवळीनं पट्टी लाल, सोड्यानंही लाल, लिंबानं मात्र पिवळीच. लाल पट्टीवर लिंबू पिळला की परत पिवळी!

माझी पट्टी चुन्यानं लाल होईना. शेजाऱ्याचं बघून मी वहीत ठोकून दिलं, 'लाल'. सरांनी पट्टी पाहिली, वही पाहिली. रागावले नाहीत. म्हणाले, "जे दिसलं ते लिही. का दिसलं ते मग शोधू." शोधलं तर कळलं, मी लिंबात भिजलेलीच पट्टी घेतली होती. चुन्याचे दोन थेंब त्या आम्लानंच खाऊन टाकले. उदासिनीकरण हा शब्द मी त्या दिवशी शिकलो, तो चुकलेल्या पट्टीमुळे.

पुढे नोकरीत कॅशवर असताना एकदा संध्याकाळी रोकड कमी भरली. शेजारचा म्हणाला, "आज जुळली लिहून टाक, उद्या बघू." मी कमी होती ती कमीच लिहिली. खिशातून भरावी लागली, घरी बोलणीही खाल्ली. पण झोप शांत लागली.

म्हणून माझं म्हणणं आहे की व्हिडिओ प्रयोगाची जागा घेऊ शकत नाही. व्हिडिओतली पट्टी कधी चुकत नाही आणि मूल शिकतं ते पट्टी चुकल्यावर. शाळा म्हणतात वेळ नाही, मुलं जास्त, जोखीम नको. जोखीम खरी आहे. चुना डोळ्यात गेला तर फार वाईट, तो मोठ्यांनीच हाताळावा. पण साबण आणि सोड्यानंही काम भागतं. खर्च म्हणाल तर पोहे-जिलबीच्या एका प्लेटपेक्षा कमी.

त्याच दुपारी आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसलो. नातवाच्या लक्षात आलं की लिंबू टाका नाहीतर साधं पाणी, हळद पिवळीच राहते. "मग आम्ल ओळखायचं कसं, आबा?" अंगणातली जास्वंद गरम पाण्यात भिजवली. लिंबानं तिचा रंग गडद गुलाबी झाला, सोड्यानं हिरवा. पेन हातात घेऊन त्यानं विचारलं, "बरोबर उत्तर काय लिहू?"

म्हटलं, "बाळा, तुला काय दिसलं?"

तुमच्या शाळेत असा कुठला प्रयोग व्हायचा? जरूर लिहा. आणि या रविवारी नातवंडांना घेऊन बसा.